वीस–शून्य

मी खेळाडू नव्हे. मी वही धरते.
तीन वर्षं निपाणीच्या कॉलेजसाठी
दुसऱ्यांच्या उड्या लिहीत आले:
चेंडू आत गेला की आकड्यावर तिरकी रेघ,
फ्री थ्रो असला तर भरीव ठिपका.
चुकलेल्या चेंडूला वहीत खूण नसते.

डिसेंबरची झोनल जानेवारीत गेली,
जानेवारीची फेब्रुवारीत,
आणि विद्यापीठाचं कन्नड पत्र येईस्तोवर
कोर्टाच्या सिमेंटवर मार्चचं ऊन ठाण मांडून बसलं होतं.
भाग्यश्रीनं वाचून दाखवलं:
निगेटिव्ह रिपोर्ट, बहात्तर तासांच्या आतला.
दोघींच्या मधली खुर्ची मोकळी.
हातात हात द्यायचा नाही, जिंकलं तरी.
हंचिनाळे सर म्हणाले,
"खेळाय तरी द्याय लागल्यात की. बास झालं."

आठ होतो आम्ही.
एकीचं लॉकडाउनात उरकलं, पन्नास माणसांत.
एक आईबरोबर बिड्या वळते, आता दिवसाला हजार.
एकीच्या घरातलं कोण गेलं
ते आम्ही विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.
उरल्या पाच.

सामन्यादिवशी साडेतीनला पद्मश्रीचा फोन.
ती सुळकूडची. म्हणजे महाराष्ट्रातली.
कोगनोळी नाक्यावर उभी, रिपोर्ट अजून कोल्हापुरातच.
पोलिसानं बॅग उघडायला लावली:
बूट, गुडघ्याची पट्टी, एक केळं.
"ह्यातलं काईच चालत नाही म्हणे."

सरांनी माझ्याकडं बघितलं.
"नऊ नंबर घाल. नुसती उभी ऱ्हा.
मास्कात कोण कुणाला वळखतंय."
माझा रिपोर्ट होता, नाव यादीत नव्हतं.
तिचं नाव होतं.
दोघींची मिळून एक मुलगी झाली.

पलीकडच्या वखारीतनं जर्द्याची धूळ आली
आणि शबाना शिंकली.
पंच बडिगेर सर दोन पावलं मागं.
निपाणीत शिंक म्हणजे वारा फिरल्याची खबर,
एवढंच.
त्या वर्षी हे कुणाला पटवून देता येत नव्हतं.

गोकाकची गाडी यायची होती.
वीस मिनिटं मी कोर्टात,
पहिल्यांदाच रेघेच्या आतल्या अंगाला.
बूट कडेला लागला तशी रोहिणी ओरडली,
"रेघेवर म्हंजे भायेरच! तूच लिहितीस नव्हं?"

मग बडिगेर सरांचा फोन वाजला.
गोकाकच्या एकीचा पॉझिटिव्ह.
सगळा टेम्पो संकेश्वरावरनंच माघारी.
त्यांनी शिट्टी मास्कखाली सारून वाजवली,
रिकाम्या अर्ध्या कोर्टाला हात दाखवला.
"मुगीतु. सही माड्री."

वॉकओव्हर. वीस–शून्य.
जर्सीतच टेबलाशी गेले, वही ओढली.
वीस लिहिलं.
पण रेघ कुणापुढं मारायची?
नियमात हे गुण संघाचे असतात, मुलींचे नसतात.
पाच नावं, पाचांपुढं कोरी घरं,
नऊ नंबरला मगदूम पद्मश्री,
जिच्या कापडात मी घामेजले होते
जागचं न हलता.

दिवेलागणीला ती आली.
मामाच्या मोटारसायकलवर, उसातनं,
दोन्ही हातांवर पातीचे ओरखडे.
"किती झालं?"
"वीस–शून्य. जिंकलो."
"कुणी कुणी टाकले?"
शबानाला हसू फुटलं, ते थांबेना,
मग थांबलं तेव्हा तिचे डोळे पुसायला
कुणी जवळ गेलं नाही. सवय लागली होती.

पद्मश्रीनं चेंडू उचलला.
सॅनिटायझरनं निसरडा झालेला.
फ्री थ्रोच्या रेघेमागं उभी राहिली.
पहिला रिंगवरनं. दुसरा बोर्डवरनं.
तिसरा कशालाच न लागता अंधारात.
चौथा आत.
"लिही," ती म्हणाली.

वही बडिगेर सर घेऊन गेले होते.
मी खाली बसले,
जर्द्याची धूळ बसलेल्या सिमेंटवर
बोटानं तीन खुणा केल्या, सुचल्या तशा,
तिन्ही वेगळ्या,
चुकलेल्या तिघांच्या.